शिष्यवृत्ती अडकली, मेस एक वेळची झाली, झोप उडाली: आधी काय हातात घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एका कॉटचं भाडं देऊन) राहतो. शिष्यवृत्तीचा अर्ज चार महिने एकाच टप्प्यावर अडकलाय. घरून येणारे पैसे पुरत नाहीत म्हणून मेस एक वेळची केली आहे. रात्री दोन-तीनपर्यंत झोप लागत नाही, डोकं दुखतं, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. हा आळस आहे, आजार आहे, की सरळ शिक्षण सोडून नोकरी धरावी, असं त्याने विचारलं आहे.

आळस नाही. आळशी माणसाला झोप लागते. आजार आहे का, हे ठरवायची पद्धत पुढे सांगतो, पण उत्तराचा क्रम उलटा ठेवणार आहे: आधी जेवण, मग आकडा, मग अर्ज आणि शेवटी मन. पैशाच्या काळजीने आलेल्या विद्यार्थ्याला थेट समुपदेशकाकडे पाठवलं तर तो ‘सकारात्मक विचार कर’ ऐकून परत येतो आणि रात्री उपाशीच झोपतो. नुसतं ‘बजेट कर’ सांगणाराही तितकाच चुकतो. उधळपट्टी आणि तूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येणारा पैसाच कमी असेल तर खर्चाच्या नोंदी ठेवून फक्त रोज अपराधी वाटतं.

डोक्यात का शिरत नाही, हे समजून घेतलं तर निम्मी भीती जाते. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली गेली, एकदा ऊस तुटण्याआधी हात तंग असताना आणि एकदा पैसे हातात आल्यावर. माणसं तीच, पण तंगीच्या काळातले गुण स्पष्टपणे कमी होते. बुद्धी कमी झाली नव्हती. तिचा मोठा भाग हिशोबात अडकला होता: कोणाचे किती द्यायचे, कोणाला टाळायचं, कुठून आणायचे. पुस्तक उघडल्यावर तुमच्या मनात मागे जो ‘मेसवाल्याला काय सांगू’ चालू असतो, तो हाच. दुसरी बाजू ब्रिटनमधल्या पदवीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासातून दिसते. पैशाच्या अडचणीतून मन:स्वास्थ्य बिघडतं आणि चिंतेने ग्रासलेल्या मुलांची आर्थिक स्थिती पुढे आणखी घसरते. कारण साधं आहे. घाबरलेला माणूस आलेलं पत्र उघडत नाही, ईमेल वाचत नाही, कार्यालयात जात नाही. मुदती चुकतात, दंड लागतो.

या त्रासात रकमेइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, वाटा अनिश्चिततेचा असतो. दरमहा दोन हजार कमी पडतात हे पक्कं माहीत असलेला विद्यार्थी कसाबसा तग धरतो. शिष्यवृत्तीचे बारा हजार ‘कधीतरी’ येणार आहेत, असा विद्यार्थी कोलमडतो. धोका कधी संपणार ते माहीत नसलं की शरीर सावधच राहतं. रात्री उतरायला हवी ती ताणाची संप्रेरकं उतरत नाहीत, छातीत धडधड, आम्लपित्त, मानेपासून कपाळापर्यंत चढणारी डोकेदुखी सुरू होते. मुलींमध्ये पाळी मागेपुढे होते. तेव्हा उपाय शोधताना ‘पैसे कुठून आणू’ याच्या जोडीला ‘कोणती गोष्ट तारखेला बांधता येईल’ हेही विचारायचं.

आता जेवण. तंगीत कात्री कुठे लागते याचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी सकाळचा नाश्ता जातो, मग एक वेळची मेस, मग फळं-दूध, मग औषधं आणि चष्म्याचा वाढलेला नंबर. शेवटी मित्र जातात, कारण बाहेर पडलं की कॉन्ट्री काढावी लागते. भाडं आणि फी मात्र शेवटपर्यंत भरली जाते, कारण ती मागायला माणूस येतो. पोट मागायला येत नाही.

तरुण माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलो वजनाला ४५ ग्रॅमच्या आसपास. मेसच्या एका ताटात तीन पोळ्या, पातळ वरण, भात, भाजी असं धरलं तर १८ ते २० ग्रॅम मिळतात. दुसऱ्या वेळेला वडापाव आणि चहा झाला की आणखी पाच-सात. म्हणजे रोज जवळजवळ वीस ग्रॅमची तूट. ती भरायला दुसरी मेस लागतेच असं नाही. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत बारा ग्रॅम, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत दहा, दोन अंड्यांत बारा, तीस ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंधरा ग्रॅमपर्यंत प्रथिनं असतात. खोलीत शेगडी चालत नसेल तर भिजवून मोड आणलेली मटकी किंवा मूग, वर लिंबू आणि मूठभर शेंगदाणे. याला गॅस लागत नाही. मोड बारा तासांहून जास्त उन्हाळी खोलीत उघडे ठेवू नका. वास आला तर टाकून द्या. पोट बिघडणं त्याहून महाग पडतं.

एकच वेळ परवडत असेल तर ती रात्रीची ठेवा. बरीच मुलं दुपारी अडीचला पोटभर जेवून रात्री चहावर काढतात. रिकाम्या पोटी झोप तुटते आणि दोन वाजता जागं झालेलं डोकं हिशोबच करत बसतं. मेसवाल्या काकूंशी खाड्यांचं बोलून घ्या. सलग किती दिवसांचा खाडा धरतात, आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवायचं, हे विचारलं तर गावी गेलेल्या दिवसांचे पैसे वाचतात. महिन्याचे एकरकमी जमत नसतील तर पंधरवड्याचे घेतील का, हेही विचारा. बहुतेक जण घेतात, फक्त आधी विचारलेलं त्यांना आवडतं. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर तिथे दहा रुपयांत तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात मिळतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुण्यात वार लावून जेवून शिकलेल्या पिढ्या होऊन गेल्या आहेत.

चहा जेवणाला लागून पिऊ नका, निदान तासाभराचं अंतर ठेवा. अन्नातलं लोह शोषलं जाण्यात तो आडवा येतो, आणि अर्धपोटी विद्यार्थ्यांमध्ये लोहाची कमतरता फार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. दम लागणं, चक्कर, केस गळणं, लक्ष न लागणं ही रक्तक्षयाची लक्षणं नैराश्याच्या लक्षणांत सहज मिसळतात. म्हणून मनाचं निदान करण्याआधी हिमोग्लोबिन, बी १२, थायरॉईड आणि रक्तातली साखर पाहून घ्यावी. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर उपचार लागतो. शाकाहारी मुलांमध्ये बी १२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे, हातापायाला मुंग्या येत असतील तर नक्की तपासा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे येतात, तिथे थोडं शुल्क लागू शकतं, तेव्हा पुण्यात ससूनऐवजी औंधचं जिल्हा रुग्णालय गाठा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन असेल तर थुंकीची तपासणी टाळू नका. एका खोलीत सहा कॉट आणि अर्धपोटी शरीर क्षयरोगाला पुरतं. तपासणी आणि औषधं मोफत आहेत, शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपये मिळतात.

झोपेबद्दल थोडक्यात. उठायची वेळ पक्की करा, झोपायची नाही. रात्री तीनला डोळा लागला तरी सातला उठा. तीन-चार दिवस जड जातील, मग झोप अलीकडे सरकते. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. अंथरुणात वीस मिनिटं तळमळलात तर उठून बसा. आणि रात्री नऊनंतर बँकेची शिल्लक, महाडीबीटीचं (शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळाचं) पान किंवा पैसे मागणाऱ्याचे मेसेज उघडायचे नाहीत. त्या वेळी त्यावर काहीच करता येत नाही, फक्त झोप जाते. रात्रपाळीचं कॉल सेंटर किंवा मध्यरात्रीपर्यंतची डिलिव्हरी करून सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला बसणारी मुलं सहसा एका सत्राच्या पुढे टिकत नाहीत. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की टर्म अडकते, आणि शिष्यवृत्तीही. काम करायचंच असेल तर आठवड्याला १५, फार तर २० तास, आणि रात्री दहाच्या आत संपणारं.

मग आकडा. एक कागद घ्या, ॲप नको. डावीकडे महिन्याचा न टळणारा खर्च लिहा. समजा कॉट ३,५००, मेस दोन वेळची ३,४००, बस ७००, फोन ३००, बाकी किरकोळ ६००, झाले ८,५००. घरून येतात ६,०००. तूट अडीच हजार, दहा महिन्यांचे पंचवीस हजार. परीक्षा अर्ज, प्रोजेक्टची छपाई, दोनदा गावी जाणं याचे आणखी पाच हजार धरा. तुमची समस्या तीस हजारांची आहे. ‘पैसेच नाहीत’ हे वाक्य अंगावर येतं, तीस हजार हा आकडा येत नाही, कारण त्याचे तुकडे पाडता येतात.

उजवीकडे तारखा लिहा. आपल्याकडची खरी गोम इथे आहे. प्रवेश, डिपॉझिट, खोलीचं आगाऊ भाडं हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये येतं आणि नेमकी तेव्हाच घरी पेरणी असते. बियाणं-खतांत घरातला शेवटचा रुपया गेलेला असतो. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास, कापसाचे नोव्हेंबरपासून पुढे. शिष्यवृत्ती अनेकदा मार्चच्या हिशोबात. म्हणजे वर्षभराचे पैसे कदाचित जुळतातही, पण जून ते ऑक्टोबर हा खड्डा राहतो आणि त्या खड्ड्यातच मुलं कर्जाच्या ॲपकडे जातात. म्हणून कॉलेजकडे फी माफी मागण्याआधी हप्ते मागा, आणि तारखा स्वतः सुचवा: पहिला हप्ता आत्ता जमेल तेवढा, दुसरा नोव्हेंबरअखेर, तिसरा फेब्रुवारीत. प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज, सोबत उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि शिष्यवृत्ती अर्जाच्या पोचपावतीची प्रत. आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी ‘बघू’ म्हणालेल्या साहेबांची बदली झाली की काही उरत नाही. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्यांकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिलेल्या आहेत, त्याचा उल्लेख अर्जात नम्रपणे करायला हरकत नाही.

महाडीबीटीचा अर्ज ‘प्रलंबित’ दिसतो तेव्हा तो कुठल्या टेबलावर आहे हे आधी पाहा. विद्यार्थी, मग कॉलेजातला लिपिक, मग प्राचार्यांचं लॉगिन, मग जिल्हा पातळीवरचं संबंधित विभागाचं कार्यालय, अशी वाट असते. चार महिने हलला नसेल तर बहुधा तो कॉलेजातच पडून आहे किंवा त्रुटी काढून तुमच्याच लॉगिनला परत आला आहे. परत आल्याचा मेसेज अर्जात दिलेल्या जुन्या नंबरावर जातो, आणि तो नंबर बहुतेक वेळा गावातल्या नेट कॅफेवाल्याचा किंवा बंद पडलेला असतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दिवसाच लॉगिन करून पाहा. उत्पन्नाच्या दाखल्याची वैधता, नावातला फरक (दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं), गॅप असेल तर त्याचं प्रमाणपत्र, चुकीचा अभ्यासक्रम निवडणं या चार गोष्टींवर सर्वांत जास्त अर्ज परत येतात.

अर्ज मंजूर दिसतो पण पैसे नाहीत, अशी स्थिती असेल तर आधार कोणत्या बँक खात्याशी जोडलेलं आहे ते तपासा. अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकाला इथे अर्थ नसतो. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. अकरावीत कुठल्या तरी सिमकार्डबरोबर उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं, किंवा गावच्या शाखेतलं निष्क्रिय झालेलं जनधन खातं, यांत शिष्यवृत्ती जाऊन पडलेली असते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती फुकट दिसते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट स्वतःच्या खात्यात मिळतो आणि त्यातली फीची रक्कम कॉलेजला भरायची असते. खात्यात एकदम आलेली रक्कम पाहून आधी उसनवारी फेडली जाते आणि मग कॉलेज निकाल अडवतं. ती रक्कम ज्या दिवशी येईल त्याच दिवशी फीचा भाग भरून मोकळे व्हा.

प्रवर्ग प्रश्नात लिहिलेला नाही, म्हणून निर्वाहाच्या योजना नुसत्या नोंदवतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत तिचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. अनुसूचित जमातींसाठी तशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आधी वसतिगृहाचा अर्ज करून तिथे नंबर न लागणं ही या योजनांतली नेहमीची पायरी असते. ‘नाहीतरी मिळणार नाही’ म्हणून वसतिगृहाचा अर्जच न करणारे योजनेतूनही बाहेर पडतात. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेली मुलींची पूर्ण शुल्कमाफी (आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न, ठरावीक प्रवर्ग) व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. एम.एस्सी. करणाऱ्या बहिणीला ती लागू होईल असं गृहीत धरू नका. तिच्यात खोली आणि मेसही येत नाही.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय देते. प्रवेशाच्या हंगामातच अर्ज करावा लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली ‘कमवा आणि शिका’ योजना आता विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालयांत चालते. तासांवर मानधन असतं, ते फार नसतं आणि कधी उशिराही येतं, पण काम आवारातच असल्यामुळे हजेरी आणि झोप वाचते. त्यासाठी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत भेटा, नंतर जागा भरतात.

तरीही कमी पडत असेल तर शैक्षणिक कर्ज हा शब्द ऐकून दचकू नका. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार असतात, आणि त्यात फीबरोबर वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉपही धरता येतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते. केंद्राच्या यादीतल्या संस्थेत असाल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत मिळते. गावातल्या सावकारापेक्षा आणि मामाच्या टोमण्यांपेक्षा हे कर्ज बरं.

ॲपवरचं झटपट कर्ज मात्र नको. समजा पाच हजार मंजूर होतात, ‘प्रक्रिया शुल्क’ कापून हातात ३,७०० पडतात आणि सात दिवसांत पाच हजार परत मागतात. आठवड्याला ३५ टक्के झाले. ते फेडायला दुसरं ॲप, दुसऱ्यासाठी तिसरं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे संपर्क, फोटो, कॉलची यादी पाहता येत नाही, आणि पैसे बँक किंवा वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत. अधिकृत ॲपांची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. आधीच अडकला असाल, फोटो विकृत करून नातेवाइकांना पाठवायच्या धमक्या येत असतील, तर आणखी पैसे भरू नका. धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि घरी स्वतःहून सांगा. धमकीची ताकद गुपितात असते, आई-बाबांना आधीच माहीत असेल तर ती उरत नाही.

हॉस्टेलात आणखी दोन सापळे फिरतात. एक, ‘तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो.’ त्या खात्यातून सायबर फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. खातं गोठतं, त्यातच शिष्यवृत्ती असते. दोन, शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांतून मेसचा खर्च काढायची स्वप्नं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले.

मित्रांकडून उसने घ्यायला हरकत नाही, पण रक्कम लहान आणि परतफेडीची तारीख बोललेली असावी. खोलीत टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) सरळ जाहीर करा. ‘या महिन्यात माझं तंग आहे, येतो पण खाणार नाही’ हे एकदा बोललं की दर वेळी पोट दुखत असल्याचं सोंग करावं लागत नाही. एकटं पडणं हे या सगळ्यातलं सर्वांत महाग नुकसान आहे. अभ्यासाच्या नोट्स, अर्जांच्या तारखा, कामाच्या संधी माणसांकडूनच कळतात.

घरी काय सांगायचं? बहुतेक मुलं ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात आणि फोन कमी करत जातात. त्याने घरच्यांची काळजी वाढतेच. आकडा आणि तारीख घेऊन बोला: ‘बाबा, मला एकदम काही नको. दिवाळीपर्यंत महिन्याला हजार कमी पडतात, त्यातले पाचशे मी कामातून काढतो. शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजात अडकला होता, तो पुढे पाठवलाय.’ असं ऐकलेला बाप निदान रात्री झोपतो. पालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच: दर फोनवर ‘तुझ्यासाठी बैलजोडी विकली’ ऐकवू नका. तो नापास होण्याच्या भीतीने परीक्षेलाच बसणार नाही, असं प्रत्यक्षात घडतं.

आता मन. जेवण आणि उठायची वेळ दोन आठवडे सांभाळूनही बहुतेक दिवस उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीतही रस नसेल, आपण घरावर ओझं आहोत असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर वापरतात ती नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ चाचणी मराठीतही मिळते. एकूण गुण २७, दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवायचं. ती निदान करत नाही, दार कुठे आहे ते दाखवते. नवव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांना, ‘नाही’ सोडून कोणतंही उत्तर आलं तर दहाची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं, एकटं राहायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रूममेटला असं काही जाणवलं तर त्याने सरळ विचारावं: ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग सोबत बसून फोन लावावा, आणि गरज पडली तर रुग्णालयात न्यावं.

खासगी तज्ज्ञाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. पुण्यात येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात साध्या झोपेच्या आणि चिंतेच्या तक्रारी घेऊनही लोक येतात. औषध सुरू झालं तर फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढ्यात ‘गुण नाही’ म्हणून सोडू नका. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. तुमच्या विभागात नसेल तर त्याचीही मागणी करता येते. समुपदेशकाकडे जाताना तो आकड्या-तारखांचा कागद बरोबर न्या. चांगला समुपदेशक विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना फोन लावून देतो, आणि ते काम तासभर ऐकून घेण्याइतकंच उपयोगी असतं.

राहिला शेवटचा प्रश्न: शिक्षण सोडू का? रक्ताचा अहवाल हातात येईपर्यंत आणि दोन आठवडे दोन वेळ पोटात अन्न जाईपर्यंत हा निर्णय घेऊ नका, अर्धपोटी घेतलेले निर्णय टिकत नाहीत. त्यानंतरही सोडावंसं वाटलं तर गायब होऊ नका. विभागप्रमुखांना लेखी कळवून सत्र पूर्ण करा किंवा रीतसर खंड घ्या. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट्स) ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंदणीतल्या तुमच्या खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात, त्यासाठी तुमचा आयडी कॉलेजने नोंदवला आहे का ते बघून घ्या. मूळ कागदपत्रं फीसाठी अडवून ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मनाई केली आहे, ती मागून घ्या. आणि खंड घेतलात तर शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचं काय होईल, हे समाजकल्याण कार्यालयात आधी विचारा, कारण परत आल्यावर तो अर्ज नव्याने भरावा लागू शकतो आणि तेव्हा गॅप प्रमाणपत्र लागतं.